स्वत्व आणि वाहन

विश्वजित नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणेदाखल देऊन टाकावे असे विधान आहे. आणि पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी त्या विधानाचा अर्थ लावताना जी शंका काढली, ती यज्ञकुंडे विझून शतके लोटली तरी अद्याप निवालेली नाही. सर्वस्व म्हणजे नेमके काय? आईबाप आपले असतात, पण ते कोणास देऊन टाकता येत नाहीत; म्हणजे आपले असणे आणि आपल्या मालकीचे असणे या दोन गोष्टी निराळ्या ठरतात. राजाने हा याग केला तर त्याने पृथ्वी दान करावी काय, या प्रश्नाला जैमिनीच्या सूत्रांत व शबरस्वामींच्या भाष्यात जे उत्तर मिळते ते तर आजही थक्क करणारे आहे : राजाला पृथ्वी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे, राजा तिच्या रक्षणाबद्दल उत्पन्नाचा अंश घेतो, तिचा धनी तो नव्हे. राजाश्रयावर ज्यांचे यज्ञ चालत त्यांनीच राजाच्या स्वत्वाला ही मर्यादा घालावी, यातील निःस्पृहतेविषयी मला नितांत आदर वाटतो. आणि ज्या एका अगदी अर्वाचीन प्रकरणात हा विचार मला वारंवार मार्गदर्शक ठरला त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. ते प्रकरण म्हणजे अमेरिकेतील मध्यम आकाराच्या पिकप ट्रकची मालकी.

कोलोरॅडोच्या डोंगराळ प्रदेशात दीर्घकाळ वास्तव्य केल्यामुळे ही वाहने माझ्या नित्य पाहण्यातील आहेत. पुढे माणसांची खोली, मागे उघडा हौदा, आणि खाली दोहोंना पेलणारी पोलादी चासी, अशी त्यांची ठेवण. आमच्या गल्लीत एका सुताराकडे १९८० नंतरच्या दशकातील टोयोटा पिकप आहे. आणि माझ्या भाच्याने अलीकडे घेतलेली टॅकोमा ही त्याच घराण्यातील आजची पिढी. वंश एक, पण स्वभावात पडलेले अंतर इतके मोठे की, दोघांचे मालक 'माझी गाडी' हे शब्द उच्चारतात तेव्हा ते एकाच नात्याविषयी बोलत आहेत असे मानणे मला कठीण जाते.

सुताराच्या गाडीत '२२आर' नावाचे चार सिलिंडरांचे, सुमारे ९७ अश्वशक्तीचे इंजिन आहे. हवा व पेट्रोल यांचे प्रमाण कार्ब्युरेटर ठरवतो, आणि तो पेचकसाने जुळवता येतो. व्हॉल्व्हच्या फटी मालकाने स्वतः मापावयाच्या असतात : इंजिन तापलेले असताना आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला इंचाचे आठ सहस्रांश, बाहेर सोडणाऱ्याला बारा सहस्रांश, फीलर गेजची पातळ पाती फटीत सरकवायची, ती किंचित अडखळत सरकली की नट आवळायचा. हे काम मी त्याच्या शेजारी उभा राहून पाहिले आहे. त्या पात्याला होणारा सूक्ष्म विरोध त्याच्या बोटांना कळतो, आणि तो कळणे हेच त्याचे खरे खरेदीखत आहे, असे तेव्हा माझ्या मनात आले. आपल्याकडे दक्षिणेत पूर्वी मिरासदार आणि उपरी असे रयतेचे दोन वर्ग असत. दोघेही जमीन कसत, दोघेही सरकारधारा भरत. पण मिरासदाराचा हक्क पिढीजात असे, बांधावरचे झाड, विहिरीचा झरा, कोणत्या तुकड्यात पाणी साचते व कोणता उन्हाने भेगाळतो हे सारे त्याच्या रक्तात मुरलेले असे, तर उपरी हा कौलाने ठरलेल्या मुदतीपुरता त्या जमिनीवर असे. सुतार त्याच्या गाडीचा मिरासदार आहे. माझा भाचा, ज्याने कितीतरी पटींनी अधिक रक्कम मोजली आणि जो सहा वर्षे हप्ते भरणार आहे, तो पुष्कळ अंशी उपरी आहे.

हा पालट कसा घडला याचा वृत्तांत मनोरंजक असला तरी येथे त्रोटकच सांगतो. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरात प्रत्युत्तरादाखल परदेशी हलक्या ट्रकांवर पंचवीस टक्के जकातीचे फर्मान काढले; कोंबड्यांचा तंटा विस्मृतीत गेला, जकात मात्र राहिली, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त, लहान ट्रकांची वाट बिकट झाली. पुढे इंधनबचतीचे नियम वाहनाच्या चाकांमधील क्षेत्रफळाशी निगडित झाले, तेव्हा मोठ्या गाडीला सवलत व लहान गाडीला जाच अशी विपरीत स्थिती उत्पन्न झाली. फोर्डची रेंजर २०११ नंतर अमेरिकी बाजारातून काही वर्षे नाहीशीच झाली व २०१९ साली परतली ती थोराड होऊन. आजची चार दारांची टॅकोमा ५.४ मीटर लांब आहे. पण त्या लांबीतला हौदा बहुधा पाच फुटांचा, म्हणजे जुन्या लांब हौद्याच्या गाडीपेक्षा आखूड. माल आकसला, माणसांची खोली वाढली. संमिश्र विद्युत् इंजिनाच्या प्रकारात शक्ती ३२६ अश्वांची. समोरच्या जाळीमागे रडार, काचेमागे कॅमेरा, आणि चासीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक अवयव एकमेकांशी संगणकाच्या भाषेत बोलणारा.

भाच्याने ही गाडी घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यात फेरफार आरंभले. अमेरिकेत ही प्रथा सार्वत्रिक आहे आणि तिची हेटाळणी करणारे लोकही पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. कारखान्यातून एकसारखी निघालेली वस्तू आपल्या हाताने थोडी तरी निराळी करावी, या इच्छेत मला मनुष्याच्या एका गाढ गरजेचे दर्शन होते. जी वस्तू आपल्या श्रमाने थोडीही बदलली नाही ती आपली झाली असे मनाला पटत नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० च्या सुमारास असे प्रतिपादले की, निसर्गातील वस्तूत आपण आपले श्रम मिसळतो म्हणून ती आपली होते. आणि आपल्या गौतमधर्मसूत्रातही स्वत्वाच्या कारणांत वारसा, खरेदी, वाटणी यांच्यासोबत वैश्यशूद्रांच्या बाबतीत कष्टाने मिळवलेल्याची गणना आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर पुन्हा श्रम करणारा मनुष्य क्रयाच्या स्वत्वावर श्रमाच्या स्वत्वाची जोड देऊ पाहत असतो.

परंतु भाच्याच्या फेरफारांचा जमाखर्च मांडताना एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात आली. प्रत्येक पिकपच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे व माल मिळून या गाडीने किती वजन वाहावे याचा आकडा तिच्यावर छापलेला असतो. त्याच्या गाडीचा तो आकडा १,१०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोंच्या, आसपासचा. आता पुढे पोलादी बंपर व त्यात विंच बसवला, त्याचे दोनेकशे पौंड. खडकांपासून पोट वाचावे म्हणून तळाला जाड पत्रे, त्यांचे शंभरावर. हौद्यावर सांगाडा आणि सांगाड्यावर उघडणारा तंबू, त्यांचे मिळून अडीचशे. हौद्यात खणांची पेटी, तिचेही शेदोनशे. इतके झाल्यावर दोन माणसे बसली की पट्टीवरचा आकडा संपला. गाडी दुर्गम प्रदेशात जाण्यास समर्थ व्हावी म्हणून जे जे तिच्यावर चढवले, त्यानेच तिचे ओझे वाहण्याचे सामर्थ्य खाऊन टाकले. रस्त्यापासून उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगा बदलल्या, तेव्हा पुढच्या आसांचे सांधे अधिक कोनात फिरू लागले; ते आता लवकर झिजणार. टायर तेहतीस इंची घातले, तेव्हा वेगमापक खोटे बोलू लागला आणि ब्रेकवर ताण आला. गाडी उचलली गेल्यामुळे रडाराची नजर बदलली, ते पुन्हा जुळवून घ्यावे लागले. "मामा, पण आता ती कुठेही जाऊ शकते," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. मी त्याला इतकेच विचारले, की तिथे ती काय घेऊन जाणार? सुताराच्या अशक्त गाडीच्या पाट्यांनी आजवर जितके लाकूड वाहिले तितके या बलदंड गाडीने वाहण्याचा संभव नाही. अपरिग्रहाचा विचार आपण बहुधा मनाच्या संदर्भात करतो. येथे तो चौकटीवरच्या पट्टीवर पौंडांत छापलेला आहे. वस्तूचा संग्रह वस्तूच्याच विनियोगाला ग्रासतो.

विनियोग हा शब्द मी मुद्दाम योजला. आपल्या नैयायिकांनी व धर्मशास्त्रकारांनी स्वत्वाचे लक्षण सांगताना, ज्याचा आपल्या इच्छेनुरूप विनियोग करण्यास आपण पात्र असतो ते आपले, अशा आशयाची व्याख्या केली. रघुनाथ शिरोमणींनी तर वैशेषिकांच्या जुन्या पदार्थांच्या यादीत स्वत्व हा स्वतंत्र पदार्थ म्हणून घातला. द्रव्य किंवा गुण यांत तो बसत नाही असे त्यांचे मत होते. त्याच्याही पूर्वी, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने मिताक्षरेत एक मूलगामी वाद घातला आहे : स्वत्व हे शास्त्राने उत्पन्न होते, की ते लोकव्यवहाराने सिद्ध आहे? त्याचा निर्णय लोकव्यवहाराच्या बाजूने आहे. आहवनीय अग्नी शास्त्रावाचून कळत नाही, म्हणून आहवनीय या नात्याने तो लौकिक कामाला येत नाही. भात मात्र सर्वांच्या उपयोगी पडतो, आणि स्वत्व हे भातासारखे आहे. ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकले नाही ते सीमाप्रांतांतले लोकही खरेदीविक्री करतातच. या निर्णयातील औदार्य मला फार मोलाचे वाटते. मालकी ही दफ्तरातून किंवा पोथीतून माणसाला बहाल केली जात नाही. माणसे वस्तूंशी जो व्यवहार करतात त्यातूनच ती उगवते.

आता नव्या गाडीकडे या दृष्टीने पाहावे. तिच्या मालकाच्या इच्छेनुरूप विनियोगाला दोन कुंपणे पडलेली आहेत. एक शेजाऱ्याचे आणि दुसरे विक्रेत्याचे. जुन्या गाडीला यांपैकी एकही म्हणण्यासारखे नव्हते, आणि म्हणून जुन्या गाडीचे गुणगान करताना आपण एका गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. सुताराच्या गाडीत एअरबॅग नाही. तिच्या कार्ब्युरेटरचा धूर नव्या इंजिनाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी आहे. रस्त्यात अचानक मूल आले तर ते पाहण्यास तिच्यापाशी तिच्या मालकाच्या डोळ्यांखेरीज काही नाही. तिची मोकळीक ही पुष्कळ अंशी इतरांच्या जिवावरची मोकळीक होती. नव्या गाडीतले धूर शुद्ध करणारे साधन आणि आपोआप ब्रेक लावणारा कॅमेरा हे, माझ्या मते, मालकाने पैसे मोजले असले तरी मालकाचे नव्हेत. ते रस्त्याने चालणाऱ्याचे व श्वास घेणाऱ्याचे आहेत. येथे मीमांसकांचा न्याय अक्षरशः लागू पडतो. पृथ्वी सर्वांना सारखी म्हणून राजाला ती देता येत नाही. हवा आणि रस्ता सर्वांना सारखे म्हणून गाडीच्या धन्याला ते वापरून टाकता येत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०२० सालच्या अहवालात, मागील दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक मोठ्या डिझेल पिकपांची धूर रोखणारी साधने काढून टाकण्यात आली असा अंदाज आहे. तेथील कायद्याला हे निषिद्ध आहेच. पण कायदा नसता तरीही ते करणारा आपल्या वस्तूत फेरफार करत नव्हता, दुसऱ्याच्या वस्तूचा अपहार करत होता, असे मी म्हणेन. ज्या गाडीचे दिवे उंचावल्यामुळे समोरून येणाऱ्या लहान मोटारीतील माणसाचे डोळे दिपतात, जिचा बंपर धडकेच्या वेळी त्या मोटारीच्या बंपराला न लागता तिच्या दारावर आदळेल, तिच्याविषयीही मला वेगळे म्हणावयाचे नाही. भाच्याने उंची वाढवल्यावर दिव्यांचा झोत खाली आणून घेतला. त्याने केलेल्या सर्व फेरफारांत धर्मदृष्ट्या मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो हा, जो कोणाच्या नजरेसही येत नाही.

विक्रेत्याचे कुंपण मात्र निराळ्या जातीचे आहे, आणि त्याला धर्माचा आधार नाही. २०१५ साली अमेरिकेत, वाहनातील संगणकाची आज्ञावली दुरुस्तीसाठी उघडण्याची मुभा मालकाला असावी काय, या प्रश्नावर ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याखाली सुनावणी झाली. जॉन डीअर या ट्रॅक्टरांच्या कारखानदाराने त्या वेळी असे म्हणणे दाखल केले की, यंत्र विकत घेणाऱ्याला त्यातील आज्ञावलीची मालकी मिळत नाही. यंत्र चालवण्याचा परवाना तेवढा त्याला यंत्राच्या आयुष्यापुरता गर्भित रीतीने मिळालेला असतो. म्हणजे शेतकऱ्याने पोलाद घेतले, रबर घेतले, काच घेतली. पण ज्या बुद्धीने हे पोलाद हलते ती बुद्धी त्याच्याकडे कौलाने आली. त्या कायद्याखाली सवलती देण्याचा अधिकार असलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाधिपतींनी अखेर मालकांच्या बाजूने सवलत दिली, पण सवलत ही हक्काच्या तुलनेत किती दुबळी वस्तू आहे हे वतनदारीचे कागद चाळलेल्या कोणासही सांगावयास नको. ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. याच सुमारास काही कंपन्यांनी दुरून इंजिन सुरू करण्याची किंवा गाडीच्या स्थितीची खबर देण्याची सोय सुरुवातीच्या मुदतीनंतर वर्गणीवर ठेवली. यंत्र गाडीत आहे, त्याची किंमत चुकती झाली आहे, तरी त्याचा विनियोग दुसऱ्याच्या इच्छेवर. हे कुंपण कोणत्या शेजाऱ्याचे रक्षण करते? अशा गाडीच्या मालकाने उद्या विश्वजित करावयाचे म्हटले तर त्याला आपली गाडी संपूर्ण देता येणार नाही. पोलाद देता येईल, वर्गणी मात्र ज्याची त्याने नव्याने भरावी.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की आज्ञावली उघडी केली तर लोक ब्रेक व धूर यांच्याशी खेळ करतील. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. शेजाऱ्याचे कुंपण आणि विक्रेत्याचे कुंपण एकाच पेटीत, एकाच कुलुपाखाली ठेवले, की पहिल्याच्या पावित्र्याचे पांघरूण दुसऱ्याला मिळते; मग पेटी उघडू पाहणारा प्रत्येकजण दुसऱ्याच्या श्वासाचा शत्रू ठरतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी या गाठीचे दोन पदर ओळखले असावेत असे दिसते. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा तेथे २०१२ सालीच आला, आणि २०२० साली गाडीने बिनतारी पाठवलेली माहिती मालकाला व त्याच्या मिस्त्रीला मिळावी या प्रस्तावाला सुमारे तीनचतुर्थांश मते पडली.

आपल्या देशातील स्थिती याच्या उलट टोकाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत असा निर्णय दिला की, कारखानदाराने मूळ नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही फेरफार वाहनात करता येणार नाही. इझुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घेऊन सह्याद्रीच्या वाटा धुंडाळणाऱ्या तरुणांना हा निर्णय जाचक वाटतो. आपल्या रस्त्यांवरील गर्दी व अपघात पाहता निर्णयामागील चिंता मी समजू शकतो. तथापि कारखान्याचा नकाशा हीच वाहनाची अंतिम श्रुती आणि मालकाचा हात हा केवळ संशयाचा विषय, ही कल्पना विज्ञानेश्वराच्या लोकसिद्ध स्वत्वाशी जुळणारी नाही. ज्या देशात गावोगावचा मिस्त्री तुटलेली वस्तू स्वतःच्या अकलेने उभी करतो, त्या देशात तर मुळीच नाही.

खंडेनवमीला आपण शस्त्रे, अवजारे, वाहने पुजतो. परदेशी राहणारी मराठी कुटुंबेही त्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. भाच्याच्या टॅकोमाची पूजा त्याच्या आईने केली, आणि त्याच दिवशी मी विचार करत होतो की या पूजेचा विषय कोणता. परिग्रह हा पूजेचा विषय होऊ शकत नाही. शेतकरी नांगर पुजतो तो आपली इस्टेट म्हणून नव्हे. नांगराने त्याच्या हाताला आकार दिलेला असतो, आणि त्याच्या हाताने नांगराला. या परस्पर घडणीत त्याला आपल्याहून मोठे असे काही दिसते. ज्या यंत्राला आपला हात लागूच दिला जात नाही, त्याच्याशी ही घडण कशी व्हावी? म्हणून दुरुस्तीचा हक्क हा मला केवळ ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न वाटत नाही. उपासनेच्या एका जुन्या, श्रमजीवी रूपाचे भवितव्य त्यात गुंतलेले आहे, असे मी पूर्ण विश्वासाने मानतो.

तेव्हा या गाड्या विकणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. ब्रेक, एअरबॅग आणि धूर यांच्या नियंत्रणाला त्यांनी वाटेल तेवढे भक्कम कुलूप घालावे, त्याची किल्ली लोकनियुक्त संस्थेच्या देखरेखीखाली ठेवावी, आणि ते कुलूप कोणासाठी आहे हे स्पष्ट लिहून द्यावे. बाकी सर्व यंत्राचे नकाशे, तारांचे आराखडे, दोष शोधण्याची संकेतचिन्हे व ती वाचण्याची साधने खरेदीखताबरोबर मालकाच्या हवाली करावीत, वर्गणीवाचून आणि मुदतीवाचून. म्हणजे भाच्याला आपल्या गाडीतील बिघाडाचे कारण सुताराप्रमाणे आपल्या अंगणात शोधता येईल, आणि पुढे कधी ती गाडी दुसऱ्यास द्यावयाची झाली तर ती सगळी देता येईल.